श्वास विसरणारं बाळ

माझी मुलगी कमी दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात सिस्टर आहे. जावई बस चालवतो. त्यांना दोन मुली, मोठी बारा वर्षांची, धाकटी सात. घरातला पाचवा माणूस मी. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, बायको गेली, मग मुलीनं इथे आणून ठेवलं. त्याला दोन वर्षं होत आली.

घर मायेचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार वेगळीच होती. या घरात प्रार्थना व्हायची ती बस पकडल्यासारखी. धाकटी जेवणाआधी हात जोडायची आणि एका दमात म्हणायची, "प्रभू, जेवणासाठी आभार, आईला बरं ठेव, माझा एक मोजा सापडत नाहीये, आमेन." मोठी आमेनच्या आधीच पोळीचा घास तोडायची. जावयाला एकदा विचारलं, की बाबा रे, तू कधी प्रार्थना करतोस?

"गाडी चालवताना, मामा," तो म्हणाला. "फक्त डोळे उघडे ठेवून करतो. मिटले तर सगळे प्रवासी माझ्याआधी स्वर्गात पोचतील."

मुली हसल्या. मीही हसलो, पण मनात टोचलं ते टोचलंच.

आणि मुलगी? तिला तर मी हात जोडून बसलेलं पाहिलंच नव्हतं. पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. आली की चप्पल काढून थेट स्वयंपाकघरातल्या नळाशी. तिथे ती हात धूत उभी राहायची, बाह्या कोपराच्या वर सारून, इतका वेळ की मला राहवायचं नाही. मी खुर्चीतून ओरडायचो, "अगं, नळ. टाकी रिकामी होईल." ती "हो बाबा" म्हणायची आणि धूतच राहायची. वाटायचं, दवाखान्याची सवय डोक्यात बसली आहे पोरीच्या. मग भाजी, डबे, मुलींचा अभ्यास. तिची आई असताना आमच्या घरात सकाळचा एक तास कोणी आवाज चढवत नसे. ती वाचायची, मी ऐकायचो. शेवटच्या आजारात तिनंच मला अक्षरं शिकवली, म्हणाली, "मी गेल्यावर तुम्हाला कोण वाचून दाखवणार?" तेव्हापासून पवित्र शास्त्र मी स्वतः वाचतो, ओळीखाली बोट ठेवून. पण कोणी मध्येच "आजोबा, माझा कंगवा पाहिलात का?" विचारलं, की बोट जागेवर राहतं आणि मन ओळीवरून घसरतं. एकेका अध्यायाला आठवडा लागायला लागला. नंतर नंतर पुस्तक उघडायचंच राहून जाऊ लागलं.

मला भीती वाटू लागली होती, खरं सांगतो. शहात्तर पूर्ण झाली. ज्याच्याकडे जायचं त्याच्याशीच बोलणं तुटलं, तर तिथे पोचून मी तोंड काय दाखवणार?

आमच्या चर्चच्या मंडळीनं म्हाताऱ्यांसाठी एक निवारा चालवला आहे. बाग आहे, लहानसं प्रार्थनाघर आहे आणि दुपारी पान पडलं तरी ऐकू येईल इतकी शांतता. तिथे एक खोली रिकामी झाली. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी अर्ज दिला, वर सांगितलं, "मुलीची सही लागेल. शनिवारी बारापर्यंत द्या, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलवावं लागेल."

आठवडाभर अर्ज खिशात घेऊन हिंडलो. घरात निवांत बोलायला एक क्षण मिळेना. जरा मिळाला, की धाकटी मांडीवर येऊन बसायची. शेवटी शनिवारी सकाळी बसनं दवाखान्यात गेलो. म्हटलं, निदान तिथे ती एका जागी तर सापडेल.

वॉर्डाच्या दाराशी मोठ्या सिस्टर भेटल्या. सगळा वॉर्ड त्यांना वचकून असतो, असं मुलीकडून ऐकलं होतं. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं.

"काय काम आहे?"

"मुलीची सही हवी आहे."

"ती आत आहे, आणि एक तास तरी बाहेर येणार नाही. तुम्ही आत जाऊ शकता, पाच मिनिटं. पण हात धुतल्याशिवाय नाही, आणि आत कशालाही हात लावायचा नाही."

"धुतो की."

"तुमच्यासारखे नाही, आमच्यासारखे," त्या म्हणाल्या आणि मुलीला हाक मारली.

मुलगी बाहेरच्या लहान खोलीत आली. डोक्याला टोपी, तोंडावर कापड, फक्त डोळे दिसत होते. ते आधी घाबरले. "मुली ठीक आहेत ना?"

"सगळं ठीक आहे. जरा काम होतं."

"मग आधी हात धुवा." तिनं मला मोठ्या बेसिनपाशी उभं केलं. नळ कोपरानं उघडायचा होता. माझे हात सिमेंटनं खाल्लेले, नखांच्या कडेला जुने चर. तिनं एकेक बोट दाखवत शिकवलं, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठे, मग कोपरापर्यंत.

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

"घड्याळ कुठे आहे?"

"घड्याळाकडे बघत बसलं की हात थांबतात," ती म्हणाली. "प्रभूची प्रार्थना चार वेळा म्हणा, घाई न करता. बरोबर दोन मिनिटं होतात. मनात म्हणा किंवा ओठांनी."

मी हात चोळत तिच्याकडे बघत राहिलो. "तू तशीच मोजतेस?"

"पहिल्या दिवसापासून. आत जाताना चार वेळा. एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना एकदा. दिवसात किती होतात मोजलं नाही कधी."

"आणि घरी?"

"घरी आले की चार वेळा. त्या दिवशीच्या बाळांसाठी, एकेकाचं नाव घेऊन. इथलं सगळं नळाशीच धुऊन टाकते, मग तुमच्याकडे वळते." तिचे डोळे हसले. "फक्त तुम्ही मध्येच ओरडता ना नळ म्हणून, मग मी विसरते कुठपर्यंत आले होते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून तर पाणी जास्त जातं, बाबा."

दोन वर्षं. दोन वर्षं मी खुर्चीत बसून माझ्या मुलीची प्रार्थना मोडत होतो, आणि मोडून झाल्यावर या घरात कोणी प्रार्थना करत नाही म्हणून कुढत होतो. माझ्या कोपरांवरून पाणी वाहत होतं आणि मी दुसऱ्या वेळेचे शब्द म्हणत होतो की तिसऱ्या, ते मला सांगता येईना. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ती थांबली.

मग तिनं माझ्या अंगावर झगा चढवला आणि आम्ही आत गेलो.

आत उबदार होतं, उजेड मंद. काचेच्या पेट्या रांगेनं. खिडकीजवळच्या पेटीपाशी तिनं मला उभं केलं. आत एक मुलगी होती. माझ्या तळहातावर मावली असती आणि बोटं तरी मोकळी राहिली असती. कातडीतून निळ्या शिरा दिसत होत्या. आयुष्यभर मी भिंती बांधल्या, ओळंबा लावून, मसाला नीट भरून, आणि तरी माझ्या कित्येक भिंतींना तडे गेले. हे इतकंसं, याला आधार कशाचा, समजेना. छाती चिमणीच्या पिल्लासारखी हलत होती.

आणि मग ती हलायची थांबली.

मी मुलीकडे पाहिलं. वरचा यंत्राचा दिवा लुकलुकला. तिनं घाई केली नाही. पेटीच्या बाजूच्या गोल दारातून हात आत घातला आणि बाळाच्या तळव्याला एका बोटानं हलकेच घासलं. एकदा. दुसऱ्यांदा. बाळाच्या अंगातून एक थरथर गेली आणि छाती पुन्हा हलू लागली.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"काही नाही. विसरली ती."

"काय विसरली?"

"श्वास घ्यायचा. वेळेआधी आलेली असतात ना, अजून सवय नसते. मध्येच विसरतात. आम्ही आठवण करून देतो. चुकलं म्हणून रागवायचं नाही, जोरात हलवायचं नाही. एवढंच, तळव्याला बोट लावायचं." ती सहज बोलत होती, भाजी कशी चिरायची ते सांगावं तसं. "दिवसात कधी दहा वेळा, कधी वीस. मोठी झाली की आपोआप जमतं."

"आणि तिला कळतं का, कोणी आठवण करून दिली ते?"

"तिला कसं कळणार, बाबा?"

मी त्या पेटीसमोर उभा राहिलो. मोठ्या सिस्टरांची पाच मिनिटं संपली असणार, पण त्या आल्या नाहीत. माझ्या मनात शब्द नव्हते. ज्या अध्यायात बोट अडकलं होतं तोही आठवला नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की देवाला धरून मी उभा आहे, माझा हात सुटला की सगळं संपलं. शहात्तर वर्षं मी विसरत आलो असेन, बांधकामाच्या परांचीवर, दारूत घालवलेल्या तीन वर्षांत, बायकोच्या अंत्यविधीच्या दिवशी, काल संध्याकाळी. आणि प्रत्येक वेळी माझी छाती पुन्हा हलली होती. मला ते कळलंही नव्हतं. एवढा मोठा तो, आणि त्याचं बोट इतकं हलकं. मुलीनं माझा दंड धरला.

"बसायला आणू का काही?"

"नको. उभंच राहू दे."

"सही कशावर हवी होती?"

अर्ज झग्याच्या आत, शर्टाच्या खिशात होता. तिला सांगितलं, निवाऱ्यात जायचं म्हणत होतो, तिथे शांतता असते. तोंडावरच्या कापडाच्या वर तिचे डोळे स्थिर राहिले, मग ओले झाले. पण ती म्हणाली, "तुम्हाला तिथे बरं वाटणार असेल तर मी अडवणार नाही. घरी तुम्हाला वाचता येत नाही, मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे?"

"बोट एकाच ओळीवर असतं तुमचं. रोज बघते मी."

बाळ पुन्हा थांबलं. या वेळी मी आधी पाहिलं, यंत्राच्याही आधी. "ती बघ," मी म्हटलं. मुलीचा हात आत गेला.

छाती हलू लागल्यावर मी सांगितलं, "त्या बाईंना फोन करून कळवतो. खोली पुढच्या माणसाला देऊ देत."

"मग वाचनाचं काय?"

"मुलींना जोरात वाचायला सांगेन. मोठीला. ती भराभर वाचते, मी मागून येईन."

"ती मध्येच मोबाइल बघेल."

"बघू दे."

मुलगी पुढच्या पेटीकडे जायला निघाली आणि आतल्या बेसिनपाशी थांबली. तिनं कोपरानं नळ उघडला. तिचे ओठ कापडामागे हलू लागले. मी खिडकीपाशी उभा राहून त्या इवल्या छातीवर नजर ठेवली, पुन्हा थांबली तर हाक मारायला. बाहेर मोठ्या सिस्टर कोणाला तरी सांगत होत्या की आत एक आजोबा आहेत, राहू देत जरा वेळ.