बारावे पाय

फादरांचा गुडघा धरला होता, म्हणून पवित्र गुरुवारी, प्रभूनं शेवटच्या जेवणाच्या रात्री बारा शिष्यांचे धुतले तसे, बारा जणांचे पाय धुवायचं काम या वर्षी चर्चच्या झाडलोटवालीवर आलं. फादर नुसते पाण्याचा जग धरून उभे राहणार होते. बारांत आपला दीर, सुतार, आहे हे कळल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवरा गेल्यावर त्यानंच तिला घराबाहेर काढलं होतं. आता चर्चच्या कमिटीत शिरून मागच्या अंगणातली तिची खोलीही तो फळ्या ठेवायला मागत होता.

"बाई, प्रभूनं दगा देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले," फादर म्हणाले.

"प्रभू दुसऱ्या दिवशी मरून सुटला. मला याच्या शेजारात जगायचंय."

अकरा जण घरूनच पाय घासूनपुसून आले होते. एकाच्या टाचांना तर अत्तराचा वास. ती धूत गेली. शेवटी सुतारापुढे गुडघे टेकले, तसा तो खाली वाकला.

"बोटांच्या बेचक्यात नीट, वहिनी," तो पुटपुटला. "आणि आवराआवर करा. कमिटी हो म्हणालीय. उद्या सकाळी फळ्या आणतो."

"उद्या?" ती एवढ्यानं म्हणाली की मागच्या बाकावरची आजी जागी झाली. "गुड फ्रायडेला खांद्यावर लाकूड घेऊन येणार, भाऊजी? खिळेही आणा. कुणाला ठोकायचंय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. फादरांच्या हातातला जग हिंदकळला.

"हळू बोला! शनिवारी आणतो मग."

"शनिवारी प्रभू थडग्यात असतो. मेलेल्याला तरी निवांत पडू द्या."

सुतार लालेलाल झाला. पण उठणार कसा? प्रभूच्या त्या शेवटच्या जेवणावरून उठून गेलेला एकटा यहूदा, हे पोराटोरांनाही ठाऊक. तिनं त्याचे पाय धुतले, अगदी बेचक्यांसकट. पुसले मात्र नाहीत. ओल्या पायांनीच त्यानं बूट चढवले.

मिस्साची उपासना संपल्यावर रिवाजाप्रमाणे तिनं वेदीवरची वस्त्रं, मेणबत्त्या, सगळं उतरवलं. वेदी उघडीबोडकी झाली. मग खोलीत जाऊन, त्याच हातांनी, भिंतीवरचं एकेक उतरवायला घेतलं.

ईस्टर उलटला आणि सोमवारी फळ्या आल्या. खोली गेली ती गेलीच. सुताराला मात्र गल्ली तोवर ‘ठोक्या’ म्हणू लागली होती.

फादर फाटकापर्यंत लंगडत आले. "आता तरी क्षमा करा त्याला. प्रभू उठलाय."

तिनं बोचकं डोक्यावर घेतलं.

"प्रभूनं करावी. त्याला राहायला खोली लागत नाही."