गुलब्याचा जोडीदार

मित्रांनो, मी चंद्या, एक म्हातारा खिलार बैल आहे. मला भेटायला याल तेव्हा समोरून या. मागून आलेल्या माणसाचा मला अजूनही भरवसा वाटत नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म आटपाडीच्या माळावर, धुळा नावाच्या माणसाच्या गोठ्यात झाला. गुलब्याही तिथलाच. आम्ही एकाच दावणीला वाढलो. तो माझ्यापेक्षा उंच आणि भित्रा. विजा चमकल्या की माझ्या पोटाला चिकटून उभा राहायचा.

आम्ही चार दाती, म्हणजे ऐन उमेदीचे झालो आणि कऱ्हाडकडचे जयराज आम्हाला शर्यतीसाठी घेऊन गेले. निघताना धुळानं आमच्या पाठीवर हात ठेवून त्यांना एवढंच सांगितलं, "पाव्हणं, मारू नगा. हाक मारली तरी पळत्यात."

आणि आम्ही खरंच पळायचो. बाळासो नावाचा आमचा गाडीवान छकड्यावर उभा राहून नुसती आरोळी द्यायचा आणि आमच्या पायाखालची जमीन मागे जायची. पळणं हेच आपलं काम, यासाठीच आपण जन्मलो, असं मला वाटायचं. आम्हाला दूध-अंडी मिळायची. गावाच्या वेशीवर आमच्या फोटोचा फलक लागला. जयराज आमच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घ्यायचे.

मग एका मैदानात आम्ही हरलो. लोक हसले. ते हसू जयराजांना सहन झालं नाही. पुढच्या शर्यतीपासून ते स्वतः छकड्यावर उभे राहू लागले, आणि त्यांच्या बाहीत एक आखूड काठी आली. तिच्या टोकाला खिळा होता. पंचांना दिसू नये म्हणून गाडी पळताना ते हळूच वाकायचे आणि शेपटीच्या मुळाशी टोचायचे. आम्ही जिंकू लागलो. पण ते पळणं नव्हतं, पळून जाणं होतं.

गुलब्याचा पुढचा पाय सुजला. डॉक्टरांनी महिनाभर गाडीला जुंपू नका म्हणून बजावलं. बाळासो तर हात जोडून म्हणाला, "दादा, मुकं जनावर हाय. ह्या खेपेला ऱ्हाऊ द्या."

"तुला भ्या वाटत असंल तर घरी जा," जयराज म्हणाले. बाळासो खरंच घरी गेला, तो परत आला नाही.

त्या शर्यतीत माझ्या शेजारी काहीतरी कडकन मोडलं. गुलब्या पडला, मीही त्याच्याबरोबर फरपटलो. तो पुन्हा उठला नाही. शेवटपर्यंत त्याचे डोळे माझ्याकडे लागले होते. आणि जयराज लोकांना सांगत होते, "खोंडच कच्चं होतं. त्या धुळानं फसवलं मला."

त्या दिवसापासून मी हंबरणं सोडलं. खाल्लं, प्यालो, अंगात ताकद साठवली. जयराजांच्या बुटांचा आवाज आला की माझ्या मानेवरची कातडी थरथरायची. गोठ्यात त्यांना एका धडकेत भिंतीशी चिरडता आलं असतं. पण तिथं कुणी पाहिलं नसतं. जे चारचौघांत केलं, त्याची फेड चारचौघांतच व्हायला हवी होती.

संधी पाटणच्या बाजूला एका मोठ्या मैदानात आली. माझ्या जोडीला उसना बैल होता. फायनलला मी असा सुटलो की माणसं उभी राहिली. निशाण समोर दिसत होतं, दुसरी कुठलीच गाडी जवळपास नव्हती. जयराज नेहमीसारखे वाकले. खिळा रुतला. आणि मी चारी पाय जमिनीत रोवले.

जोडीदार पुढे ओढत राहिला, छकडा गर्रकन फिरला आणि जयराज उडून धुळीत पडले. त्यांच्या बाहीतली काठी घरंगळत थेट पंचांच्या पायाशी गेली. पंचांनी ती उचलून खिळ्यासकट सगळ्यांना दाखवली. शिव्यांचा पाऊस पडला. जयराजांना कायमचं मैदानाबाहेर काढलं. ते खाली मान घालून निघाले तेव्हा मी कितीतरी दिवसांनी हंबरलो. खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मला फार गोड वाटलं.

संतापलेल्या जयराजांनी मला आटपाडीच्या बाजारात नेऊन बांधलं. मालकाला पाडणारा बैल म्हणून कुणी फिरकेना. सांगलीकडच्या बनुबाई तेवढ्या थांबल्या. त्यांच्या जोडीतला एक बैल गेला होता आणि कोळपणी तोंडावर आली होती. गर्दीत धुळा होता. तो पुढे आला.

"आवं मावशी, खोड न्हाई ह्याच्यात. राग हाय."

"मग हाय की माणसावाणी," बनुबाई म्हणाल्या. "मला पळणारा नगं, चालणारा पायजे."

त्यांनी पैसे मोजले आणि मला घरी नेलं. पण चालणं मला येत नव्हतं. पहिल्या दिवशी पिकातलं तण काढायचं कोळपं जोडलं तसा मी सुसाट सुटलो. सोयाबीनचं अर्धं तास, म्हणजे अर्धी ओळ, उखडलं. मी डोळे मिटून खिळ्याची वाट पाहिली. बनुबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "व्हय रं, कुटं जायचंय तुला एवढ्या घाईनं?"

हळूहळू शिकलो. दोन ओळींमधून, एकाही रोपाला खूर न लावता, सरळ जायचं. एकदा पलीकडच्या बांधावर पोचून मी मागं पाहिलं. ओळी सुतात होत्या. ते माझं काम होतं, आणि ते कुणी माझ्याकडून टोचून करून घेतलं नव्हतं. पळताना मी कधी मागं वळून पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांनी जयराज आले. शर्यतीच्या खिलार बैलांना आता चांगली किंमत येत होती. "चंद्या माझाच हाय. परत न्ह्यायला आलोय," ते म्हणाले.

"त्यालाच इचारा," बनुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कासरा सोडून दिला.

मी मान खाली घातली, शिंगं पुढे केली आणि पाऊल टाकलं. जयराज मागे सरले. मी पुन्हा एक पाऊल टाकलं. बांध संपला आणि ते पाटाच्या चिखलात पाठीवर पडले. शिंगाचं टोक त्यांच्या छातीपासून वीतभर होतं. त्यांचे डोळे गुलब्यासारखेच मोठे झाले होते. मी त्यांना तसंच राहू दिलं, पुरेसा वेळ.

"चंद्या, चल. तास ऱ्हायलंय," मागून बनुबाईंचा आवाज आला.

मी वळलो आणि कोळप्याशी जाऊन उभा राहिलो.

मी त्यांना माफ केलं, असं समजू नका. मुकं जनावर बोलत नाही, पण विसरतही नाही. म्हणून मित्रांनो, कुणालाही कामाला जुंपण्याआधी त्याची चाल ओळखा. आणि हातात काठी घ्यायचा मोह झालाच, तर आधी त्याच्या डोळ्यांत बघा. तोही तुमच्याकडे बघत असतो.