जुनी स्प्रिंग

मुलीच्या, ॲनिशाच्या धाकट्याचा बाप्तिस्मा टोरांटोत झाला आणि फर्डिनंडने आपल्या नातवाचा तो सोहळा निर्मळ गावी आपल्या स्वयंपाकघरात बसून फोनवर पाहिला, त्याच वर्षीच्या जानेवारीत क्लबचं पॉइंट टू टू पिस्तूल अडकायला लागलं.

"परत आडकली!" शत्रुघ्न ओरडला.

त्याने पिस्तुलाचं तोंड निशाणाकडेच ठेवलं, चापावरून बोट काढलं आणि पिस्तूल जपून टेबलावर टेकवलं. फर्डिनंडने चष्मा नाकावर ओढला. गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडच्या, वरच्या सरकत्या भागाच्या, तोंडात उभी सापडली होती, दारात पाय अडकलेल्या पाहुण्यासारखी.

"तुझ्या देखरेखीत याला बद्धकोष्ठ झालंय, फर्डी."

"तू काय खायला घालतोस ते सांग आधी."

फर्डिनंड पूर्वी एका कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावर केळीच्या वाडीमागच्या या छोट्या शूटिंग क्लबची हत्यारं तोच साफ करायचा, दुरुस्त करायचा. शत्रुघ्न नायगावचा, खाडीकाठच्या शेतकरी घरातला; घरी बायको सत्यवती. एका कंपनीच्या गेटवर बंदूक घेऊन उभं राहण्यात त्याची उमर गेली, पण त्या बंदुकीतून कधी एक गोळी सुटली नव्हती. ती हौस तो आता क्लबात भागवत होता. निवृत्तीनंतर जिल्ह्याच्या स्पर्धेचा ज्येष्ठ गट त्याने एकदाही चुकवला नव्हता. यंदाची स्पर्धा फेब्रुवारीत होती.

फर्डिनंडने गोळ्या काढल्या, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि पिस्तूल उघडलं. स्लाइडच्या खाचांत पांढरं, मेणासारखं काही थिजलं होतं. त्याने बोटावर घेऊन वास घेतला.

"हे काय रे? खोबरेल?"

"मग? सत्यवतीनं घरी काढलेलं हाय. कुलपाला घालतो, शिवायच्या मशीनला घालतो, डोक्याला घालतो."

"डोक्यालाच घाल. तिथे आत काही हलत नाही."

शत्रुघ्न एवढा हसला की त्याला ठसका लागला.

"जानेवारीत बाटलीत गोठतं ते," फर्डिनंड म्हणाला. "मग इथे गोठणार नाही? स्लाइड चिखलात चालल्यासारखी चालते बघ."

रॉकेलने सगळं धुऊन, पुसून, त्याने मशीनच्या पातळ तेलाचा थेंब दिला. दोघांना वाटलं, रोग सापडला. पण पुढच्या रविवारी पिस्तूल पुन्हा अडकलं.

या पिस्तुलात एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी फेकते आणि परतताना मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत ढकलते. यातलं एक पाऊल चुकलं की सगळं अडतं. फर्डिनंडने मॅगझिन तपासलं. गोळी धरून ठेवणारी वरची एक कड जराशी वाकली होती, ती दुसऱ्या मॅगझिनशी ताडून सरळ केली. नळीच्या तोंडाशी साचलेली काजळी ब्रशने काढली. दुसऱ्या डब्यातल्या गोळ्या वापरून पाहिल्या. तरी रडगाणं तेच.

"काढून टाकू का काका हे पिस्तूल?" क्लबचा सेक्रेटरी मर्विन एकदा जाता जाता म्हणाला. "शत्रुघ्नकाकांना यंदा राहू दे. नाहीतरी वय झालंय."

"थांब जरा," फर्डिनंड म्हणाला. "माझं बघून होऊ दे."

शत्रुघ्नला राहू दे म्हणणं मर्विनला सोपं होतं. बायको थेरेसा गेल्यापासून फर्डिनंडच्या घरात ताट एकच लागत होतं. ॲनिशाचा फोन यायचा, तेव्हा तिकडे सगळ्यांची घाई असायची. सोमवार ते शनिवार वाडीतल्या विहिरीच्या पंपाखेरीज घरात आवाज नसे. रविवारी मात्र चर्चमधली मिस्सा आटोपून तो क्लबात यायचा, तेव्हा शत्रुघ्न नायगावहून सत्यवतीने दिलेला डबा घेऊन पोचलेला असे. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, थर्मासमधला चहा. आठवड्याचे बाकीचे दिवस फर्डिनंड त्या रविवारच्या खुंटीला टांगून ठेवत असे. शत्रुघ्नने नेमबाजी सोडली, तर नायगावहून दोन रिक्षा बदलून तो इथे कशाला येणार?

बुधवारी मर्विनकडून हत्यारांचं कपाट उघडून घेऊन फर्डिनंडने स्वतः गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. त्याला कोडं पडलं. रविवारी त्याने तेच पिस्तूल, तेच मॅगझिन शत्रुघ्नच्या हाती दिलं आणि बाजूला उभा राहिला. तिसरी गोळी अडकली.

"बघ! माझ्यावरच डूक हाय हिचा."

"परत झाड."

या वेळी फर्डिनंडने पिस्तूल पाहिलंच नाही. तो हात पाहत राहिला. गोळी सुटली की शत्रुघ्नचं मनगट पिस्तुलासकट मागे जात होतं. स्लाइडला मागे जायला खालचा भाग घट्ट धरलेला लागतो. हातच तिच्याबरोबर मागे गेला तर ती अर्ध्या वाटेवरच दमते. भिंत हलली की खिळा आत जात नाही, तसंच ते.

मग फर्डिनंडला एकेक आठवायला लागलं. चहाचा कप शत्रुघ्न दोन्ही हातांनी धरत होता. "थंडी हाय ना," म्हणायचा. डब्याचं झाकण हल्ली नेहमी फर्डिनंडच उघडत होता. आणि उजव्या बाहीचं बटण उघडं लोंबत असायचं.

"काय दिसलं?" शत्रुघ्नने विचारलं. हसत विचारलं, पण डोळे हसत नव्हते.

फर्डिनंडने पिस्तूल फडक्यात घेतलं. खोटं बोलायचा त्याला सराव नव्हता. जन्मभर तो मशीनशीच जास्त बोलला होता, आणि मशीनशी खोटं बोलून भागत नाही.

"स्प्रिंग," तो म्हणाला.

"कोनची?"

"दिवाळीत नवी घातली ना मी, ती. खराब निघाली. फार कडक आहे."

"मग तुझ्या हातात कशी चालते?"

"मी फिटर आहे. मला घाबरते."

नवी स्प्रिंग उत्तम होती. तिच्यात काडीचा दोष नव्हता. फर्डिनंडने बिस्किटाच्या जुन्या डब्यातून दिवाळीत काढून ठेवलेली स्प्रिंग शोधली. मागे आलेली स्लाइड परत पुढे ढकलत वर्षानुवर्षं दबून ती आखडली होती, तिचा जोर सरला होता. अशा स्प्रिंगची स्लाइड थोड्या धक्क्यानेही पुरती मागे जाते. ती त्याने बसवली, हाताने चार वेळा स्लाइड ओढून पाहिली आणि पिस्तूल शत्रुघ्नकडे दिलं.

पाचही गोळ्या गेल्या. शत्रुघ्नने पिस्तूल टेबलावर ठेवून स्लाइडवरून अंगठा फिरवला.

"चालली," एवढंच म्हणाला.

स्पर्धेच्या दिवशी सत्यवतीने त्याला इस्त्रीचा सदरा घातला होता. दोन्ही बाह्यांची बटणं लावलेली होती. त्याचे नेम इकडे तिकडे गेले, नंबर खालून मोजावा असा आला, पण पिस्तूल एकदाही अडकलं नाही. सगळे पांगल्यावर त्याने ते रिकामं करून फर्डिनंडसमोर ठेवलं.

"फर्डी, जुनीच घातलीस ना?"

फर्डिनंड फडक्याची घडी करत राहिला.

"तिचा धक्का मना ठाव नाय? इतकी वर्सं झाडलीय." शत्रुघ्नने उजवा हात डाव्या हातात घेतला. "ती बी म्हातारी, मी बी. पन निभवलं दोघांनी."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. डॉक्टरकडं गेलतो ते सत्यवतीला सांगू नको अजून." मग तो उठला. "चहा हाय का थर्मासात?"

"आहे."

"मग वत की. असा काय बसलास, कोन मेल्यावानी?"

त्यानंतर त्याने पिस्तूल हातात घेतलं नाही. तरी तो दर रविवारी येत राहिला. बाकावर बसून दुसऱ्यांच्या नेमांना नावं ठेवायचा आणि फर्डिनंड त्याच्यासाठी कप अर्धाच भरायचा, सांडू नये म्हणून. पावसाळा लागल्यावर एक रविवार तो आला नाही. मग पुढचाही नाही. शेवटी फर्डिनंडलाच नायगावला जावं लागलं.

नायगावहून परतल्यावरच्या पहिल्या रविवारी फर्डिनंड मिस्सा करून क्लबात गेला. मर्विनने कपाट उघडून दिलं. फर्डिनंडने पिस्तूल उघडलं, जुनी स्प्रिंग काढली आणि नवी घातली. आता हे पिस्तूल दुसरे लोक वापरणार होते, त्यांचे हात घट्ट होते. जुनी स्प्रिंग त्याने पुसली, तेलाचा थेंब लावला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग थर्मास उघडला आणि सवयीने दोन कप मांडले. एक अर्धाच भरला.

शत्रुघ्न त्याच वर्षी श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, नायगावला आपल्या घरी वारला.