उतारावरून लोटलेला ओंडका

मित्रांनो, मी एक जुना ओंडका आहे. सुमात्राच्या डोंगरात, कॉफीच्या एका बागेखालच्या ओढ्यात पडलो आहे. वाळवीने मला आतून पोखरले आहे.

आमचे जंगल तोडले, तेव्हा बाकीची झाडे जाळली. मी ओला, म्हणून पेटलो नाही. जड, म्हणून हललो नाही. राहिलो उतारावर आडवा. पडल्या पडल्या कसले काम होणार, असे मला वाटे. पण दर पावसात वरून येणारी माती माझ्या पाठीशी अडू लागली, पालापाचोळा तिथेच कुजू लागला. माझ्या वरच्या अंगाची कॉफी अशी लगडायची, की फांद्यांना टेकू द्यावे लागत.

बाग युर्नानीची. आमच्या सेमेन्दो लोकांत घर आणि जमीन थोरल्या लेकीकडे जाते. तिने ती विकायची नाही, आपल्या थोरल्या लेकीसाठी राखायची. ती नीट राखते की नाही, हे मामा बघतात. युर्नानी ओळींमधले गवत मुळासकट काढत नसे. वाढले की कापून तिथेच पसरायची. जाता-येता मला थोपटायची. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडायचे.

एके वर्षी बस्तारीमामा आले. त्यांची स्वतःची बाग अंगणासारखी झाडलेली असे. इथले गवत पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पोरी, लोक मला विचारतात, तुमची भाची दिवसभर झोपून असते का?"

"मामा, त्या गवतानं माती धरलीय. ओंडक्यानंही."

"आजीनं जमीन दिली ती काय गवत पाळायला? उद्या माणसं घेऊन येतो."

मामांना दुसऱ्यांदा उत्तर द्यायची आमच्याकडे रीत नाही. माझा जीव तुटला.

माणसांनी पहारी लावून मला खाली लोटले. गवत मुळापासून खरवडले. बाग लख्ख झाली. शेजाऱ्यांनी तोंडभरून कौतुक केले आणि मामा खूश होऊन गेले.

मग पाऊस लागला. ओढा आधी काळा झाला, नंतर लाल. आमच्या जंगलाची कित्येक वर्षांची पानगळ माझ्या अंगावरून वाहून गेली. मला ती अडवता आली नाही. कॉफीची मुळे उघडी पडली, पाने पिवळी झाली. मामा पुन्हा आले, तेव्हा त्या मुळांपाशी बराच वेळ उकिडवे बसले.

मित्रांनो, उतारावर आडवे पडलेले काही दिसले, तर हलवण्याआधी त्याच्या मागे काय साठले आहे ते बघा.

युर्नानी आता माझ्याजवळचा गाळ टोपलीने वर नेते. मामाही एक टोपली उचलतात. काल तिच्या थोरल्या लेकीने विचारले, "आई, पावसात हे परत खालीच येणार ना?"

"येईल."

"मग कशाला नेतेस?"

"तुला द्यायचीय ना बाग," युर्नानी म्हणाली आणि वाकून टोपली भरू लागली.