जपानला जाऊन आलेला खंड्या

मी एक जुना काचेचा खंड्या आहे. उंचीला तुमच्या करंगळीएवढा. माझी पाठ निळी, छाती नारिंगी आणि चोच सुईसारखी बारीक. मित्रांनो, नदीवरचा खंड्या मासे पकडतो. मी आजवर एकही मासा पकडलेला नाही. पण मी समुद्र ओलांडून जपानला जाऊन आलो आहे. ऐकणाऱ्याला त्याचं मोठं नवल वाटतं. मला मात्र तो प्रवास आठवला की वाईट वाटतं.

माझा जन्म केळझरचा, १९७७ सालचा. आमचे घरधनी रूपराव वर्ध्याच्या एका कॉलेजात नोकरीला होते. प्रयोगशाळेतल्या फुटक्या काचनळ्या ज्योतीवर तापवून जोडायच्या, हे त्यांचं काम. घरीही त्यांनी एक छोटी रॉकेलची ज्योत मांडली होती. पायाने भाता मारला की ती निळी होऊन फुसफुसायची. त्यांचं पाहून पाहून त्यांच्या पत्नी, भागीरथाबाई, ते काम शिकल्या आणि बघता बघता त्यांच्या पुढे गेल्या. गणपतीच्या जत्रेत कासाराच्या दुकानापुढे फुटक्या बांगड्यांचा खच पडायचा. त्या तो पदरात वेचून आणायच्या. दुपारी स्वयंपाक आवरला की ज्योतीपुढे बसायच्या. निळ्या बांगडीची माझी पाठ झाली, नारिंगीची छाती. चोच ओढताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. तापलेली काच मऊ धाग्यासारखी लांबली आणि अलगद तुटली. त्या हसल्या. मी पाहिलेलं पहिलं माणसाचं हसू ते.

आम्ही सहा पक्षी होतो. पुढच्या वर्षी कॉलेजात प्रदर्शन भरलं, तेव्हा रूपरावांनी आम्हाला नेऊन टेबलावर मांडलं. त्या दिवशी वर्ध्यात आलेले काही जपानी पाहुणे ते पाहायला आले. त्यांच्यातले एक गृहस्थ माझ्यापुढून हलेनात. प्राचार्य अभिमानाने म्हणाले, "हे आमच्या रूपरावांचं काम!"

रूपरावांनी तोंड उघडलं होतं. मी जवळच होतो, मला दिसलं. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांनी नुसती मान हलवली.

चार महिन्यांनी पत्र आलं. जपानमध्ये काचकलेचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. सहाही पक्षी घेऊन यावं, लोकांसमोर एक पक्षी करून दाखवावा. जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. बोलावणं एकाच माणसाला होतं.

भागीरथाबाईंनी पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "माह्यं नाव नाई त्याच्यात. तुमी सांगतलं नाई काऊन त्यायले?"

"सांगणारच होतो," रूपराव म्हणाले, "पण तेवढ्यात साहेब बोलून गेले. आता कसं सांगू? कॉलेजची इज्जत जाईन. अन् तू तिकडं एकटी काय करशीन?"

दुसऱ्या दिवसापासून भागीरथाबाईंनी रूपरावांना ज्योतीपुढे बसवलं. "घाई नका करू. काच सांगते कवा ओढाची ते," असं त्या रोज समजावत. रूपरावांचे हात काचनळ्या जोडण्यात तरबेज होते. पण चोच काही त्यांना साधली नाही. निघायच्या दिवशी भागीरथाबाईंनी आम्हाला घरच्या कापसात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. वर्धा स्टेशनवर रूपरावांच्या गळ्यात इतके हार पडले की त्यांचा चेहरा दिसेना. भागीरथाबाई बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या होत्या.

जपानमधलं ते दालन मी कधी विसरणार नाही. काचेची फुलं, काचेचे मासे, पाणी गोठल्यासारखी भांडी! शेकडो माणसं, पण आवाज नाही. आम्हाला काळ्या मखमलीवर ठेवलं होतं. एक लहानखुरी म्हातारी माझ्यापुढे येऊन थांबली. ती तिथली नावाजलेली काच कलावंत होती. तिच्या बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या, अगदी भागीरथाबाईंच्या बोटांवर होत्या तशाच.

रूपराव ज्योतीपुढे बसले. पक्ष्याचं अंग जमलं. चोच मात्र तुटली. दुसऱ्यांदा तुटली. तिसऱ्यांदा काचेचा नुसता गोळा झाला. लोक हळूहळू पांगले. म्हातारी जवळ आली. तिने रूपरावांचे हात आपल्या हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि हलक्या आवाजात काही विचारलं. हिंदी जाणणाऱ्या दुभाष्याने सांगितलं, "पूछ रही हैं, यह पंछी किसके हाथ का है?"

मित्रांनो, मला वाचा असती तर मी तेव्हाच ओरडलो असतो. तिथे कॉलेज नव्हतं, प्राचार्य नव्हते. खरं सांगायला कोणाची आडकाठी नव्हती.

"मेरे ही हाथ का है," रूपराव म्हणाले. "आज तबीयत ठीक नहीं."

म्हातारीने वाकून नमस्कार केला. जाताना तिने रंगीत काचकांड्यांची एक जुडी त्यांच्यापुढे ठेवली. दुभाषा म्हणाला, "कह रही हैं, जिन हाथों ने यह पंछी बनाया, उन्हें दे दीजिए."

माझी पाच भावंडं तिथल्या संग्रहालयाने ठेवून घेतली. परत आलो तो मी एकटा.

घरी आल्यावर भागीरथाबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "काय म्हणले तिकडचे लोक?"

"छान आहे म्हणले."

"कोणं केले, हे नाई पुसलं कोणी?"

रूपराव पाण्याच्या गडव्याकडे पाहत राहिले. भागीरथाबाई उठल्या. त्यांनी भाता पुसला, कपड्यात बांधला आणि माळ्यावर टाकला. भांडण नाही, रडणं नाही. पण त्यानंतर त्या ज्योतीपुढे बसल्या नाहीत. रूपरावांनी मला आणि त्या जुडीला बिस्किटाच्या डब्यात घातलं आणि डबा कपाटावर सरकवला. नऊ वर्षं मी अंधारात होतो.

१९८७ साली रूपराव नोकरीतून मोकळे झाले. एका दुपारी त्यांनी डबा काढला आणि अंगणात तूर निवडत बसलेल्या भागीरथाबाईंपुढे ठेवला.

"हे तुह्यासाठी होतं. तिथल्या म्हातारीनं देल्लं होतं. तिनं ओळखलं होतं."

भागीरथाबाईंनी एकेक कांडी बोटांनी चाचपली. मग विचारलं, "नऊ वर्षं काऊन ठेवलं मंग?"

"देल्लं असतं तं सांगा लागलं असतं."

त्यांनी एक कांडी उन्हात धरली. "हा कोणता रंग आहे?"

"निळा," रूपराव म्हणाले. तेव्हा मला समजलं. मोतीबिंदूने भागीरथाबाईंचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्यापुढे धुकं होतं.

"चांगला असन," त्या म्हणाल्या. "माह्या कामाचा नाई आता." आणि त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. नजरेने नव्हे, बोटांनीच त्या खडे शोधत होत्या.

आता मी बैठकीतल्या फळीवर असतो. कोणीही आलं की रूपराव मला खाली काढतात आणि मोठ्याने सांगतात, "हा हिनं केला. मी नाई, हिनं!" पाहुणे कौतुकाने वळून बघतात, तेव्हा भागीरथाबाई भिंतीला हात लावत आत निघून गेलेल्या असतात.

मित्रांनो, काचेची वस्तू जपून हाताळा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं थोडं निराळं आहे. सुंदर काही दिसलं की ते कोणी केलं, हे विचारा. आणि उत्तर तुम्हाला ठाऊक असेल, तर त्या माणसाचं नाव सगळ्यांसमोर घ्या, त्याच दिवशी घ्या. मला धूळ बसली तर पुसता येते. ती नऊ वर्षं कोणालाच पुसता आली नाहीत.