शांतव्वा आणि बोलणारी अंडी

चंदगडहून फोन आला तेव्हा पवित्रा अंडी उबवायच्या मशीनपुढंच बसली होती. तिचे वडील काजूच्या झाडावरनं पडून पाय मोडून घेऊन बसले होते आणि तिला निघणं भाग होतं. नवरा अमरेश ट्रक घेऊन हुबळीला गेलेला. घरात राहिली फक्त सासू, शांतव्वा. पवित्रा तिला आत्ती म्हणायची.

"आत्ती, आज एकोणिसावा दिवस हाय," पिशवी भरता भरता पवित्रा म्हणाली. "उद्या पिल्लं कवचाला आतनं टोचा मारतील. काय बी झालं तरी काच उघडायची न्हाय. ओलाव्याचा मीटर सत्तरच्या आसपास पायजे. खाली आला तर ह्या नळीतनं पाणी सोडा."

"मला कशाला घालतीस ह्यात?" शांतव्वा म्हणाली. लिंगायताचं घर. गेल्या दिवाळीपर्यंत अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. मैत्रिणीकडनं आणलेली सिल्की जातीच्या, कापसासारख्या पिसांच्या कोंबड्यांची अंडी खायची नव्हेत, उबवायची आहेत, हे सुनेनं चारदा सांगितल्यावर कुठं तिनं मागली खोली दिली होती. ह्या खेपेला मशीनमध्ये दहा अंडी होती.

"मग कुणाला सांगू?" पवित्रा म्हणाली, आणि सकाळच्या एस.टी.नं गेली.

मशीन म्हणजे थर्मोकोलची पेटी. वर काच, आत बल्ब, बारका पंखा, पाण्याची ताटली, आणि ऊब नि ओलावा दाखवणारा बोटभर मीटर. दिवाळीत पहिली खेप घातली होती तेव्हा पिल्लं टोचा मारायला लागल्यावर पवित्रानं हौसेपायी सारखी काच सरकवली. आतला ओलावा उडून गेला, कवचाखालचा पापुद्रा वाळून पिल्लांच्या अंगाला घट्ट बसला, आणि ती अर्धी बाहेर येऊन तिथंच मेली. त्या दिवशी सून जेवली नव्हती, एवढं शांतव्वाच्या ध्यानात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका अंड्यावर चांदणीसारखी चीर दिसली. आणि नेमकं त्याच वेळी वारं सुटलं. होळीनंतरचं कोरडं, भट्टीसारखं. कौलांच्या फटींतनं ते खोलीत शिरलं आणि मीटर एकसष्टवर आला, मग पंचावन्नवर, मग अठ्ठेचाळीसवर.

शांतव्वानं नळीतनं पाणी सोडलं. ताटली काठोकाठ भरली तरी आकडा जागचा हलेना. तिनं पवित्राला फोन लावला, पण लागला नाही. चीर पडलेल्या अंड्याच्या कडेला पांढरा पापुद्रा दिसत होता, आणि तो पिवळट पडत चालला होता.

ती खोलीभर नजर फिरवत उभी राहिली. ह्याच खोलीत तिचा नवरा, शिवपुत्र, गेला त्या सालापर्यंत दोन माग चालवायचा. असलं वारं सुटलं की सूत तटातट तुटायचं. मग तो पोती भिजवून खिडक्यांना टांगायचा, फरशीवर पाणी मारायचा, आणि घटकाभरात धागा मऊ यायचा. मशीनमधला पंखा हवा ओढतो ती ह्या खोलीतलीच की, तिच्या मनात आलं.

तिनं पदर खोचला. कोठीतली चार पोती न्हाणीत भिजवली, खिडकीला आणि दाराला टांगली, फरशीवर दोन बादल्या पाणी ओतलं. पेटीची हवेची भोकं मात्र मोकळी ठेवली. मग पाटावर बसून मीटरकडं बघत राहिली. पन्नास. बराच वेळ पन्नासच. मग चोपन्न. पोती वाळली तशी तिनं पुन्हा भिजवली. दिवस कलला तेव्हा अडुसष्ट झाले होते.

वारं पडलं. गल्ली शांत झाली. आणि पेटीतनं आवाज आला.

आधी तिला वाटलं, पंखा कुरकुरतोय. तिनं काचेला कान लावला. चिवचिव होती, अगदी बारीक. चीर पडलेलं पिल्लू बोलत होतं. मग ते थांबलं, आणि पलीकडचं अंडं बोललं. त्याला चीर नव्हती, भोक नव्हतं, पांढरं सबंध अंडं. पाठोपाठ तिसरं. एक हाक घालायचं आणि बाकीची एकेक करून ओ द्यायची. एक अंडं तर जागच्या जागी डुललं.

शांतव्वाचा हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडं गेला. वर आई बसलेली नाही, ऊब एका बल्बची. ह्यांनी उजेड बघितला नाही, एकमेकांना बघितलं नाही. तरी शेजारी कुणीतरी आहे हे ह्यांना ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. 

सकाळी पहिल्या पिल्लानं कवच टोपणासारखं गोल कापत आणलं. पिल्लू ढकलायचं, दम खायचं, पुन्हा ढकलायचं. काच सरकवून बोटानं जरा मदत करावी असं तिला शंभरदा वाटलं. तिनं हात मांडीखाली दाबून धरले. अखेर ते बाहेर पडलं, ओलंचिंब, काळसर चोचीचं, पायाला ह्या जातीची पाच-पाच बोटं असलेलं. तासाभरात वाळून सावरीच्या बोंडासारखं फुललं.

तिसऱ्या प्रहरी पवित्रा धावतपळत आली. वडिलांचा पाय प्लास्टरमध्ये होता, धोका नव्हता. दारातलं ओलं पोतं बाजूला सारून ती आत आली आणि थबकली. काचेखाली आठ पिल्लं एकमेकांवर रेलून झोपली होती.

"काच उघडली न्हाईसा?"

"न्हाय." शांतव्वानं तिला खाली बसवलं. "पवित्रा, ती आतनंच बोलत्यात गं. बाहेर यायच्या आधी."

"एकमेकांला सांगत्यात, आत्ती. म्हंजे समदी एका टायमाला निघावीत म्हणून."

"कुणी शिकवलं त्यांना?"

पवित्रा काचेकडं सरकली. दोघी काचेला कान लावून बसल्या. उरलेल्या दोहोंपैकी एक बोलत होतं. दुसरं गप्प होतं, आणि ते गप्पच राहिलं.

दिवेलागणीला शेजारच्या बनाबाई विरजण मागायला आल्या. शांतव्वानं वाटी बाजूला ठेवली आणि त्यांना हाताला धरून मागल्या खोलीत नेलं. नवव्या अंड्याला नुकती चीर पडली होती.

"बोलू नगासा," ती कुजबुजली. "हितं कान लावा."