यमुनेची वेणी

मी एक वेणी बोलतेय. खोटी वेणी. बाजारात मला गंगावन म्हणतात, नाटकवाले नुसतं ‘केस’ म्हणतात, आणि झाडीपट्टीतल्या बायांनी नऊ वर्षं मला खरी समजून माझं कौतुक केलं. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा तोरा आला तर चालवून घ्या. मी काही साधीसुधी वेणी नाही. मी यमुनेची वेणी आहे!

माझा जन्म चांद्याच्या परकोटाच्या सावलीत, एका फिरस्त्या बाईच्या मांडीवर झाला. ती गावोगाव सुया आणि पोत द्यायची आणि त्याच्या बदल्यात बायांचं गुंतवळ घ्यायची. कोणाचे केस काळेभोर, कोणाचे पिंगट, एका आजीबाईंचे तर चक्क पांढरे. ते सगळे तिने धुतले, रंगवले आणि पीळ देऊन मला गुंफलं. मला आया किती, हे मलाच सांगता यायचं नाही. पण लांबी अशी की उभ्या बाईच्या गुडघ्याला टेकावी.

मला विकत घेतलं मुखरू मास्तरांनी. ते साल १९५०. मास्तरांकडे तेव्हा एक बाजाची पेटी होती, चार पडदे होते आणि शेवट नसलेलं एक नाटक होतं. यमुना नावाची सोशिक सून आणि तिला छळणारी सासू, एवढं लिहून झालं होतं. पुढे काय करावं ते मास्तरांना सुचत नव्हतं आणि मंडई तोंडावर आली होती.

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात. आज या गावात, उद्या त्या गावात. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या पहिल्या मंडईत सासूने यमुनेला घराबाहेर काढलं आणि तिथेच कागद संपले. मास्तर घाबरत पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, “यमुनेचं पुढं का झालं, ते आता येत्या मंडईले पाहा!”

लोक खूप चिडले. पण घरी जाऊन वर्षभर त्याच विचारात पडले. पुढच्या वर्षी बैलगाड्या दुप्पट आल्या. मास्तरांनी शेवट लिहिण्याचा नादच सोडून दिला.

पहिल्या वर्षी मी नानाजींच्या डोक्यावर होते. नानाजी धानाचे शेतकरी, आवाज गोड, चाल नाजूक. बाईचं काम पुरुषानेच करायचं, अशी तेव्हाची रीत. दुसऱ्या वर्षी ऐन मंडईत नानाजींना गालगुंड झालं. सासूने आठ दिवस उपाशी ठेवलेली सून आणि गाल तर भोपळ्याएवढे! मास्तर डोकं धरून बसले.

तेव्हा बुधरी पुढे आली. जंगलातल्या गावची, मोहफुलं वेचणारी बाई. मंडळीसाठी पाणी भरायला आली होती आणि तालमी ऐकून ऐकून अख्खं नाटक तिला पाठ झालं होतं.

“मास्तर, मले सबन येते. करू का?”

मास्तरांनी मला उचललं आणि तिच्या डोक्याला बांधलं. दुसरा इलाजच नव्हता. लोकांनी पाहिलं की यमुनेचा चेहरा बदललाय, आवाज बदललाय, उंचीसुद्धा चार बोटं कमी झालीय. कुजबुज सुरू झाली. मग पुढे बसलेल्या कोणीतरी समजावलं, “सासूनं उपाशी ठेवलं ना बाबा, मानूस बदलतेच.” सगळ्यांना पटलं. आमचे प्रेक्षक असे मनाचे मोठे.

बुधरी रडली आणि मांडव रडला. तिथून पुढे सात वर्षं ती रडतच राहिली. सासू झाले नानाजी, आणि अशी खाष्ट सासू पुन्हा होणे नाही. यमुनेचा नवरा वाघाने खाल्ला. पुढच्या वर्षी तो परत आला, कारण वाघाने भलत्यालाच खाल्लं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी त्याचा जुळा भाऊ निघाला. एकदा यमुना आंधळी झाली आणि मंडई संपायच्या आत तिला दिसायलाही लागलं. बाया तिच्यासाठी चोळखण आणायच्या, मला हात लावून विचारायच्या, “यमुने, कोनतं तेल लावतं वं?” बुधरी बेधडक सांगायची, “करंजीचं!” मी ऐटीत डुलायचे.

आता खरी गोष्ट सांगते. बुधरीएवढी हसरी बाई मी पाहिली नाही. ती हसली की गाडीचे बैल कान टवकारायचे. घरी तिचा नवरा चैतू इतका गरीब की त्याला जेवायलासुद्धा दोनदा हाक मारावी लागे. छळ नाही की भांडण नाही. आणि मांडवात मात्र वर्षानुवर्षं हुंदके. शेवटी नवव्या वर्षी ती मास्तरांसमोर उभी राहिली.

“मास्तर, मले एकडाव हासाचं काम द्या. नाई तं मी चालली मोहफुलं वेचाले.”

“तू रडतं म्हनून लोक येते,” मास्तर म्हणाले. “हासली तं कोन येईन? अन यमुना जित्ती हाय तोवर लोक तुले दुसऱ्या कामात पाहनार नाई.”

“मंग मारून टाका तिले!”

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे केसांवर केस उभे राहिले म्हणा. यमुना मेली तर माझं काय? पण वेणीचं कोण ऐकतं!

गोंडपिपरीजवळच्या एका गावच्या मंडईत यमुनेने प्राण सोडले. कोणी टाळी वाजवली नाही. लोक मुकाट्याने उठून घरी गेले. मास्तर खूश होते. “लिहिनं याले म्हनते,” असं स्वतःशीच म्हणाले.

सकाळी मास्तरांची खुशी उतरली. गावात एकही चूल पेटली नव्हती. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, आणि बायांनी ठरवलं होतं की यमुना गावाची लेक, तेव्हा सुतक अख्ख्या गावाला. घराघरांत मंडईचे पाहुणे उपाशी बसलेले. बाप्ये सैरभैर झालेले. नानाजी विहिरीवर पाणी मागायला गेले तर बायांनी दोर वर ओढून घेतला. “पोरीले खाल्लं अन आता पानी पायजे?” नानाजी बिचारे शिव्या खाऊन परत आले. त्यात पुढच्या दोन गावांनी नाटकाची सुपारी परत मागितली. मेलेल्या बाईचा खेळ त्यांना नको होता.

एवढ्यात रुखमाबाई आल्या. गावातल्या वयाने सगळ्यांत मोठ्या, नऊ वर्षं पहिल्या ओळीत बसलेल्या. मागे पन्नास बाया. बुधरी रात्रीचा शिळा भात खात होती. ती घास हातात धरून उभी राहिली.

“बाई, मी जित्ती हावो,” ती घाईघाईने म्हणाली. “पाहा, जेवून राह्यली.”

“आमाले का समजत नाई?” रुखमाबाई कडाडल्या. “तू बुधरी होय, नाटकवाली. खा तू, पोटभर खा. मी तुयासाठी नाई आली. यमुनेसाठी आली.” मग त्या मास्तरांकडे वळल्या. “नऊ वरसं आमी तिच्यासंग रडलो. पोरीले एकडाव हासतानी तं पाहू द्याचं होतं. तशीच काऊन मारली, मास्तर?”

बुधरीने मास्तरांकडे पाहिलं. असं पाहिलं की मास्तरांना नजर कुठे लपवावी कळेना.

“मेली नाई ते,” मास्तर पुटपुटले. “मूर्च्छा आली होती तिले.”

अर्ध्या घटकेत गावभर धूर दिसू लागला. पाहुणे जेवले. नानाजींनाही पाणी मिळालं. मास्तरांनी मोहाच्या झाडाखाली बसून दुपारपर्यंत शेवट लिहिला. आयुष्यातला पहिला शेवट! आणि दिवेलागणीला त्याच गावात खेळ लागला.

यमुना शुद्धीवर आली. नवरा सुधारला, जुळा भाऊ आपल्या वाटेने गेला. आता बुधरीची जागा. “सासूबाई, आज मी सुखी आहे,” असं म्हणून तिने हसायचं होतं. तिने वाक्य म्हटलं, तोंड उघडलं, आणि सवयीने हुंदका आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हुंदका. ज्याच्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला, तेच तिला जमेना. मला फार वाईट वाटलं.

“हास वं माय!” पहिल्या ओळीतून रुखमाबाई ओरडल्या. “आता कोनाचं भेव हाय?”

तरीही जमेना. तेव्हा नानाजींनी, कोणी लिहून दिलं नसताना, सुनेच्या पायांवर लोटांगण घातलं. “सूनबाई, मला क्षमा करा!” गहिवरून बोलले. मग उठायला गेले आणि तसेच अडकले.

“आगा, गुडघा! उठवा गा मले!”

सासूच्या तोंडून धानाच्या शेतकऱ्याचा तो दणदणीत आवाज निघाला आणि बुधरी फुटली. पोट धरून हसली, खाली बसून हसली, डोळ्यांतून पाणी काढत हसली. मांडव हसला, गाड्यांवरच्या लेकी हसल्या, मास्तर पेटीवर डोकं टेकून हसले. त्या धक्क्यांनी माझी गाठ सुटली आणि मी सगळ्यांच्या देखत धपकन खाली पडले. नऊ वर्षांचं गुपित गॅसबत्तीच्या उजेडात उघडं! पण माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. इतका अपमान आणि इतका आनंद मला एकाच वेळी कधी झाला नव्हता.

त्याला आता वर्ष झालं. यमुनेचं नाटक संपलं. बुधरी हल्ली विनोदी हवालदाराचं काम करते, फेटा बांधून. तिची मिशी माझ्याच खिळ्याला टांगलेली असते. मी त्या मिशीशी बोलत नाही. मला कसर लागलीय, एक पाल माझ्यामागे राहायला आलीय. माझी एकच विनंती आहे, मला कचऱ्यात टाकू नका. एखाद्या सुखी बाईचं काम निघालं तर मला सांगा, मी तयार आहे.

काल बुधरी आठवडी बाजारातून आली. तिथे रुखमाबाई भेटल्या होत्या. त्यांनी बुधरीला विचारलं, “यमुना बरी हाय ना?” बुधरी म्हणाली, “बरी हाय.” तेव्हा त्यांनी पदराखालून दोन ताज्या काकड्या काढल्या आणि म्हणाल्या, “हे तिले देजो.”

हे सगळं बुधरीने मला सांगितलं. माझ्यासमोर उभी राहून, काकड्या दोन्ही हातांत धरून.

“घे वं यमुने,” ती म्हणाली. “माहेरून आलं.”

मग तिनेच त्या खाल्ल्या. पण आधी मला दाखवल्या.